गार हातांचा रविवार

"बाई, हात केवढे गार आहेत तुमचे!" गिऱ्हाईक दचकून म्हणालं आणि त्याने मान खांद्यांत ओढून घेतली. ती नव्या चष्म्याच्या काड्या त्याच्या कानांमागे नीट बसतात का ते चाचपत होती. रोजचंच काम. काडी कानामागे टेकते तिथे बोट फिरवायचं, टोचत असेल तर गरम हवेच्या यंत्रावर धरून ती मऊ करायची, जराशी वाकवायची, पुन्हा लावून बघायची. नाकावरच्या गाद्या दाबायच्या. माणसाला खाली वाकायला सांगायचं आणि चष्मा घसरतो का ते पाहायचं. या कामात तिची बोटं अनोळखी माणसांच्या कानशिलांना, केसांना लागत, पण आजवर कोणी दचकलं नव्हतं. उलट काही जण डोळे मिटून घेत आणि काम संपलं तरी क्षणभर तसेच बसून राहत. "एसी फार आहे ना आज," ती म्हणाली. गिऱ्हाईकाने आरशात पाहिलं, छान आहे म्हणालं आणि गेलं. एसी सकाळपासून बंद होता. शिडीवर चढून खोकी लावणाऱ्या मालकाने एकदा तिच्याकडे आणि एकदा एसीकडे पाहिलं, पण तो मुळातच कमी बोलणारा माणूस. तिने काउंटरखाली वाकल्यासारखं करून दोन्ही हात स्वतःच्या मानेला लावले. खरंच गार होते. आणि रविवार चार दिवसांवर आला होता.

दुसऱ्या एखाद्या बाईला कोणी असं म्हटलं असतं तर ती हसून मोकळी झाली असती. हिची सगळी पतच हातांवर होती. घरात नवरा तिला शेगडी म्हणायचा. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, दिवसभर अंधाऱ्या पोकळीत लोखंडाशी झटून घरी आला की तिचे हात आपल्या पाठीवर ओढून घ्यायचा आणि म्हणायचा, "देवाने लग्नात मला काही कमी दिलं असेल तर ते इथे भरून काढलं." चर्चच्या मंडळीत मात्र या उबेची थट्टा चालत नसे. सहा वर्षांपूर्वी, पन्नासाव्या दिवसाच्या, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाला, उपासना संपल्यावर एका म्हाताऱ्या मास्तरांनी आखडलेल्या खांद्यासाठी प्रार्थना मागितली होती. तिने सहज, शेजारी उभी होती म्हणून, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मास्तर ओरडलेच, "अहो, आग आहे ही, आग!" खांदा त्यांचा त्या दिवशी वर गेला हे खरं. किती वर गेला याबद्दल पुढे मतभेद झाले, पण गेला. पाळकसाहेबांनी तिचा हात हातात घेऊन पाहिला, चटका बसल्यासारखा सोडला आणि सगळ्यांना विचारलं, "आज कोणता दिवस आहे?" उत्तर द्यायची गरजच नव्हती. अग्नीच्या जिभा उतरल्या तो दिवस. कृपादानं वाटली गेली तो दिवस. कुणाला शिकवण्याचं दान मिळतं, कुणाला बरं करण्याचं, कुणाला नुसतं मदतीचं. आपल्यात एकीला काय मिळालंय ते बघा, असं ते म्हणाले. ती बघतच राहिली. आधीच्याच वर्षी आई गेली होती, आणि आपल्याला कोणीतरी काहीतरी दिलंय या कल्पनेनेच तिला रडू फुटलं होतं.

त्या दिवसापासून तिचे हात तिचे राहिले नाहीत. दर रविवारी पुढच्या बाकाजवळ रांग लागायची. गुडघे, पोटं, परीक्षा, नोकऱ्या, न होणारी मुलं, होऊन ऐकत नसलेली मुलं. दुकान सुटलं की दवाखान्यांतल्या खाटा, चौथ्या मजल्यावरची घरं, दार उघडणारी दमलेली माणसं. ती दमत नसे. हीच तर सगळ्यांत नवलाची गोष्ट होती. पहाटेच झोप उडायची आणि ती प्रार्थनेला बसायची. छाती अशी धडधडायची की कोणीतरी आतून दार ठोठावतंय असं वाटायचं, आणि कोण ठोठावतंय याबद्दल तिला शंका नव्हती. कितीही खाल्लं तरी अंगाला लागत नव्हतं. इतर बायका म्हणत, बघा, सेवेत झिजतेय. तीही मनातल्या मनात तेच म्हणत असे, आणि ते म्हणताना तिला बरं वाटत असे. बरं वाटण्यात पाप आहे का, हेही ती पहाटे विचारून घ्यायची. उत्तर यायच्या आत धडधड वाढायची.

आणि मग या वर्षी, पुनरुत्थानाचा रविवार, म्हणजे ईस्टर, झाल्यावर लगेच, दुकानात स्क्रू बसवताना तिचा हात इतका थरथरला की बारीक पेचकस भिंगावर घसरला आणि चरा पडला. मालकाने भिंग बाजूला ठेवलं आणि म्हणाला, "डॉक्टरकडे जाऊन या." एवढंच. डॉक्टरीणबाई तरुण होती, तिने तिच्या गळ्यावर बोटं ठेवली, गिळायला लावलं, डोळ्यांकडे बघितलं, आणि रक्त तपासून झाल्यावर भिंतीवरचं चित्र दाखवलं. गळ्यात फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. तुमची जरुरीपेक्षा जास्त काम करतेय. बरंच जुनं दिसतंय. मग तिने विचारायला सुरुवात केली आणि प्रत्येक प्रश्न असा होता की जणू कोणीतरी हिचं चरित्र तिला आधीच सांगून ठेवलं होतं. झोप कमी? धडधड? वजन उतरतंय? सारखं काहीतरी करत राहावंसं वाटतं? आणि शेवटी, अगदी सहज, तिचा हात हातात घेऊन, "तळवे असेच गरम असतात का नेहमी?" ती हो म्हणाली. "गोळ्यांनी कमी होईल," डॉक्टरीणबाई खुशीत म्हणाली. "बंद मात्र करायच्या नाहीत हं. हृदयावर ताण आहे." बाहेर येऊन ती जिन्यावर बसली. सहा वर्षं. मास्तरांचा खांदा, दवाखान्यांतल्या खाटा, पहाटेच्या प्रार्थना, दार ठोठावणारा तो. सगळं या गळ्यातल्या बोटभर मांसाचं काम होतं? मग देव कुठे होता? हा प्रश्न तिने मोठ्याने विचारला नाही, कारण जिन्यावरून एक माणूस वर चढत होता.

गोळ्या लागू पडल्या. ती झोपू लागली, म्हणजे अशी की नवऱ्याला हलवून उठवावं लागे. ब्लाउज घट्ट झाले. धडधड थांबली, आणि आत इतकं शांत झालं की तिला पहाटे कोणी उठवेना. प्रार्थनेला बसली की डुलकी यायची. इतकी वर्षं न आलेला थकवा सगळा एकदम, व्याजासकट आला होता. जिना चढताना, भाजी निवडताना, कोणी "ताई, जरा येता का आमच्याकडे" म्हटलं की त्या शब्दांनीच तिचे खांदे उतरायचे. तिला जायचं नसायचं. हे तिला पहिल्यांदाच कळत होतं, की आपल्याला जायचं नसतं. आणि हात दर आठवड्याला थोडे थोडे निवत चालले होते. ती कुणाला बोलली नाही. रांगेतल्या माणसांना कळायच्या आत ती हात उचलून घ्यायची आणि प्रार्थना आटोपती करायची.

पाळकसाहेबांना सांगायला ती गेली होती. पण ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं झालं. "पाळकसाहेब, माझ्या हातांबद्दल जरा..." एवढं ती बोलली, आणि ते म्हणाले, "हो, हातांबद्दलच मी येणार होतो. या वेळी सणाच्या रविवारी तुम्ही समोर खुर्चीवर बसा. बाहेरूनही माणसं येणार आहेत. मीसुद्धा येणार रांगेत, झोप नाही मला अलीकडे." त्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. चष्म्याची एक काडी सैल झाली होती, तिने ती तिथेच नीट करून दिली आणि घरी आली. नीट करताना बोटं त्यांच्या कानाला लागणार नाहीत अशी काळजी घेतली.

पण पाळकसाहेबांचंही एक वेळ निभावलं असतं. तिच्या जिवाला घोर होता तो ऑर्गनवाल्या मावशींचा. सख्ख्या मावशी नव्हेत. मंडळीत तीस वर्षं ऑर्गन वाजवला म्हणून सगळ्यांच्या मावशी. आता त्यांच्या पोटात गाठ होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. खाटेवर पडल्या पडल्या त्यांची सुजलेली बोटं पांघरुणावर कुठलं तरी गीत वाजवत असायची. गेल्या महिन्यात ती भेटायला गेली तेव्हा तळवे अजून थोडे कोमट होते, आणि मावशींनी तिचा हात पोटावर ठेवून घेऊन सांगितलं होतं, "सणाच्या दिवशी ये हं. मला काही उपासनेला येता यायचं नाही. तू ये. तोपर्यंत मी कुठे जात नाही." ही बाई त्या एका दुपारसाठी जीव धरून होती. आणि ती तिथे जाऊन काय ठेवणार होती मावशींच्या पोटावर? फरशीसारखे दोन गार हात.

म्हणून तिने गुरुवारी गोळी घेतली नाही. शुक्रवारीही नाही. सकाळी नवऱ्यादेखत तोंडात टाकायची आणि मोरीत जाऊन थुंकायची. चार दिवसांत आग परत यायची नाही हे तिला कळत होतं, पण माणूस बुडायला लागला की काडी किती जाड आहे ते बघत नाही. शनिवारी सकाळी नवरा दात घासायला गेला आणि त्याला मोरीच्या जाळीवर अर्धी विरघळलेली गोळी दिसली. तो ब्रश तोंडात ठेवूनच बाहेर आला. मग चूळ भरून पुन्हा आला. "हे काय?" तिने ओटा पुसायला घेतला. "मला उत्तर पाहिजे." तिने मावशींचं सांगितलं, रविवारच्या खुर्चीचं सांगितलं. तो खाली बसला. नेहमी याच जागी तो काहीतरी गंमत करायचा, आणि त्याने केलीही, पण त्याचा आवाज फाटला. "हात गरम आणि बायको गार, असला सौदा मला नको आहे. तुझ्या देवाला सांग." मग त्याने स्वतः पाणी आणलं, गोळी तिच्या तळहातावर ठेवली आणि ती गिळेपर्यंत समोर उभा राहिला. "तोंड उघड," म्हणाला. तिने लहान मुलीसारखं तोंड उघडून दाखवलं. तिला त्याचा राग आला आणि त्याच वेळी असंही वाटलं की याच्या खांद्यावर डोकं टाकून दोन दिवस झोपावं.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं म्हणतात. उबेचं येतं. रविवारी तिने रबरी पिशवीत गरम पाणी भरलं, पिशवी पर्समध्ये ठेवली आणि समोरच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसली. दोन्ही हात पर्सच्या आत. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, बाई रुमाल शोधतेय. पाळकसाहेब त्या पहिल्या दिवसाची गोष्ट सांगत होते. माडीवरच्या खोलीत माणसं जमली होती, दारं लावून, भेदरलेली. मग सोसाट्याच्या वाऱ्यासारखा आवाज झाला आणि प्रत्येकाच्या डोक्यावर जीभ उतरली, अग्नीची. हे तिने किती वेळा ऐकलं होतं. आज तिला वाटलं, डोकी तापली होती का त्यांची? कुणी हात लावून पाहिलं होतं का? आणि दुसऱ्या दिवशी? दुसऱ्या दिवशी सकाळी ती माणसं उठली तेव्हा डोक्यावर काही शिल्लक होतं, की नुसते विस्कटलेले केस? पुढे तर त्यांच्यात विधवांच्या जेवणाची वाटणी नीट होत नाही म्हणून कुरकुर झाली आणि त्यासाठी माणसं नेमावी लागली, हेही बायबलात तिथेच, थोड्या पानांनंतर लिहिलेलं आहे. वाढणाऱ्यांच्या हातांना ऊब होती का, हे कुणी लिहिलेलं नाही. तिला जांभई आली. पवित्र आत्म्याच्या सणाला, समोरच्या खुर्चीवर, सगळ्यांदेखत. ती तिने आमेनमध्ये गिळली.

रांग लागली. पहिल्या बाईच्या कपाळावर तिने हात ठेवला आणि बाई "अहाहा" म्हणाली. ते "अहाहा" रबराला होतं. दुसरा एक तरुण, नोकरीसाठी. प्रत्येकानंतर हात पुन्हा पर्समध्ये. तिला स्वतःची इतकी किळस आली की प्रार्थनेचे शब्द अडखळू लागले, आणि अडखळण्याला लोक आत्म्याचा भार समजले. मग एक मध्यमवयीन बाई समोर गुडघे टेकता टेकता थांबली आणि हळूच म्हणाली, "ताई, तुमच्या पर्समधून पाणी गळतंय." पिशवीचं बूच सैल राहिलं होतं. तिचे कपडे मांडीवर भिजले होते आणि खुर्चीखाली थारोळं साचत होतं. "पाण्याची बाटली," ती म्हणाली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं तिच्या मनात आलं आणि त्या अवस्थेतही तिला हसू फुटेल की काय अशी भीती वाटली. कोणीतरी फडकं आणलं. पर्स बाकाखाली सरकवली गेली. रांग तशीच उभी होती आणि समोरची बाई गुडघे टेकून, डोळे मिटून वाट बघत होती. तिने हात ठेवले. गार, ओले हात. बाईच्या खांद्यांत एक शिरशिरी गेली. आता उठेल आणि सगळ्यांना सांगेल, असं वाटलं. पण बाईने कपाळ त्या हातांवर आणखी दाबलं आणि आपल्या मुलाचं नाव घेऊन रडू लागली, जशी माणसं नेहमी रडायची, तितकीच, तशीच. ती थक्क झाली. आणि खरं सांगायचं तर तिला थोडा अपमानही वाटला. मग सहा वर्षं कशाची होती? पाळकसाहेब शेवटी आले. त्यांनी डोकं खाली वाकवलं, तिचे हात लागल्यावर क्षणभर वर पाहिलं, काहीतरी समजल्यासारखं, आणि पुन्हा डोकं वाकवलं. ती प्रार्थना करायची विसरली, नुसती हात ठेवून राहिली, आणि दोन दमलेली माणसं बराच वेळ तशीच होती.

मावशींचं दार सुनेने उघडलं. "सकाळपासून तीन वेळा विचारलंय, आली का म्हणून," ती हळू आवाजात म्हणाली आणि भिजलेल्या पर्सकडे बघत आत चहा टाकायला गेली. खोलीत औषधाचा वास होता आणि खिडकीतून उन्हाची एक पट्टी खाटेच्या पायाशी पडली होती. मावशी महिन्याभरात निम्म्या झाल्या होत्या. पांघरुणावरची बोटं मात्र चालू होती. "आलीस," त्या म्हणाल्या. "बस. हे काय, पावसात सापडलीस की काय?"

इथे खोटं बोलायचं नाही असं काही तिने ठरवलं नव्हतं. खोटं बोलायला लागणारी ताकदच उरली नव्हती. ती खुर्चीवर बसली आणि सगळं सांगून टाकलं. गळ्यातली ग्रंथी, गोळ्या, मोरीची जाळी, रबरी पिशवी. "मावशी, ते दान नव्हतंच. आजार होता. आता बरी होतेय तर काहीच राहिलं नाही माझ्याकडे. तुम्ही माझ्यासाठी थांबलात आणि मी रिकामी आले."

मावशी ऐकत होत्या. त्यांची बोटं थांबली होती. मग त्यांचं पोट हलू लागलं आणि चेहरा वेदनेने पिळवटला, आणि तिला कळेना की हुंदका आहे की कळ. मावशी हसत होत्या. "पिशवी," त्या धापा टाकत म्हणाल्या. "अगं, ऊब पाहिजे असती तर पिशवी माझ्याकडे पण आहे की. ती बघ उशाशी. माझी गळत नाही." हसण्याची कळ ओसरेपर्यंत त्यांनी डोळे मिटून घेतले. "तीस वर्षं मला सांगत होते, मावशी, तुम्हाला संगीताचं दान आहे. कसलं दान? दुसरं कोणी वाजवायला तयार नव्हतं. डाव्या हाताचं तर मला कधी जमलंच नाही. पण दर रविवारी जाऊन बसायचे." मग त्यांनी तिचा चेहरा न्याहाळला. "आजारात यायचीस. आता आजार नाही तरी आलीस. जिना चढून. दमलेली दिसतेस. दमलीस ना?"

सहा वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. नवरा रागावला होता, डॉक्टरीणबाईने तपासलं होतं, मालकाने डॉक्टरकडे धाडलं होतं, पण असं, नुसतं, कुणी विचारलं नव्हतं. "हो," ती म्हणाली. "खूप दमलेय, मावशी."

"आण ते हात इकडे." तिने हात पुढे केले. मावशींनी ते आपल्या दोन्ही तळव्यांमध्ये घेतले आणि चोळू लागल्या, शाळेतून भिजून आलेल्या पोरीचे चोळावेत तसे, जोर नसलेल्या बोटांनी, थांबत थांबत. चोळता चोळता त्या थकल्या. मग एक हात तिने ओळखीच्या सवयीने मावशींच्या पोटाकडे न्यायला उचलला, तर मावशींनी तो अलगद बाजूला केला. "राहू दे. आज तू नको," त्या म्हणाल्या. "वाक जरा. मला उठता येत नाही."

ती वाकली. कपाळ खाटेच्या कडेला टेकलं. केसांवर एक हात येऊन बसला. हाडं झालेला, सुजलेल्या सांध्यांचा, थोडा थरथरणारा. तो गरम नव्हता. गारही नव्हता. मावशी काहीतरी पुटपुटत होत्या, शब्द नीट कळत नव्हते, आणि मधूनच त्यांची बोटं तिच्या डोक्यावर ते जुनं गीत वाजवू लागत, डावा हात नसलेलं. सून चहा घेऊन दारात आली आणि तशीच मागे फिरली. खाटेशी वाकलेल्या तिला वाटलं, आता रडू येईल. पण रडू येण्याआधी झोपच आली, आणि मावशींच्या हाताखाली, खाटेच्या कडेला कपाळ टेकून, ती झोपून गेली.